धक्क्यापर्यंतचं पाणी

खोल पाण्यात नांगरलेल्या बचावनौकेपर्यंत खलाशी पोचवणारी होडी म्हातारा ग्विलिम चालवायचा. त्या सकाळी मदतीची हाक आली. बुडणारी नाव त्याच्याच मुलाची, इवानची निघाली. “मलाही न्या,” तो म्हणाला. “काका, सत्तरी उलटलीय तुमची,” कप्तान नेस्ता म्हणाली. “आम्हाला परत आणायला तुम्हीच लागाल.” चार तास तो होडीतच बसून राहिला. बचावनौका परतली, पण कुणी त्याच्याकडे बघेना. नेस्तानं कांबळ्यात गुंडाळलेला इवानचा देह होडीच्या तळाशी अलगद निजवला. “मी चालवते, काका.” “नको,” म्हणत त्यानं कांबळं सारखं केलं, होडी वळवली. धक्क्यावर सून, लोवरी, हात हलवत होती. तिला माणसं दिसत होती, तळ नाही. ग्विलिमनं इंजिन मंद केलं. “काका, होडी पुढं सरकेना,” नेस्ता पुटपुटली. “सरकेल गं. तेवढा वेळ तिचा नवरा जिवंत राहू दे.”