मनातलं वाचणारी टोपी

टोपी डोक्यावर चढली की रामेश्वर मनात मेंढ्या मोजायचा.

गावाकडं, पिशोरला, बापाच्या कळपात बासष्ट मेंढ्या होत्या. कानतुटी, भुरी, लंगडी, एकेकीला आठवत तो कारखान्यातले आठ तास काढायचा. मधेच दुसरा विचार आला आणि टोपीनं तो वाचला, तर घरी बसायची पाळी.

टोपी निळ्या प्लास्टिकची. आतून तीन चकचकीत पट्ट्या कपाळाला टेकायच्या, पुढं बारीक दिवा. हिरवा म्हणजे मन कामावर, लाल म्हणजे भलतीकडं. टोप्या आल्या तेव्हा कंपनीनं मांडव घातला, नारळ फोडला, पडद्यावर मेंदूचं रंगीत चित्र फिरवलं. टाय लावलेल्या एका माणसानं सांगितलं, ही एआयची टोपी आहे, मनातलं तोंडावर यायच्या आधी हिला कळतं. मॅनेजर काकासाहेब म्हणाले, "तुमच्या सुरक्षेसाठीच आहे."

सुरक्षेसाठी! दोन महिन्यांपूर्वी सोबतच्या कृष्णाची तीन बोटं पत्रा दाबायच्या प्रेसमध्ये गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर कंपनीनंच बंद ठेवला होता, माल लवकर निघावा म्हणून. तो अजून बंदच. मशीन सुधरायचं सोडून यांनी माणसांच्या डोक्याला वायरी लावल्या.

त्या बंद सेन्सरचं पत्र कुणीतरी सरकारी ऑफिसात टाकलं होतं. निनावी, फोटोसकट. तपासणीची नोटीस आली आणि पंधरा दिवसांत टोप्या आल्या.

पत्र रामेश्वरनं लिहिलं होतं.

म्हणून मेंढ्या.

टोप्यांची देखभाल सुयश करायचा. टोपीवाल्यांचा इंजिनिअर, पुंडलिकनगरात राहणारा. साहेबलोकांत न बसता कामगारांत बसून चहा प्यायचा. एका दुपारी अंबिकानं त्याला धरलंच. अंबिका रामेश्वरच्या शेजारच्या प्रेसवर होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं.

"सुयश, खरं सांग. माह्या डोक्यात सासूबद्दल काय चालू असतं ते दिसतं का तुला?"

"दिसलं असतं तर इतक्या जवळ बसलो असतो का ताई?"

सगळे हसले. रामेश्वर हसला नाही. तो चव्वेचाळिसाव्या मेंढीवर होता.

सुयशनं इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला.

"कुणाला बोलू नका. या टोपीला मनातलं घंटा काही कळत नाही. घाम आला, लाल. डुलकी लागली, लाल. बाकी मेंदूबिंदू सगळं त्या पडद्यावरच्या चित्रात."

"आन् ते एआय?"

"एआय म्हटल्याशिवाय आजकाल कुकरसुद्धा खपत नाही, ताई."

"आई शप्पथ?" रामेश्वरनं पहिल्यांदा तोंड उघडलं.

"आई शप्पथ. पण टोपी काढू नका. चहा पितानाही राहू द्या. बंद दिसली तर माझी नोकरी जाईल."

"नाय रे बाबा. तुह्या पोटावर पाय कशाला देऊ आम्ही?" अंबिका म्हणाली, आणि ढिली झालेली टोपी तिनं नीट खाली ओढली.

तरी तिनं खात्री केलीच. दुसऱ्या दिवशी काकासाहेब फेरीला आले, तेव्हा ती त्यांच्याकडं टक लावून बघत राहिली. दिवा हिरवाच. ते गेल्यावर ती रामेश्वरला म्हणाली, "मनातल्या मनात त्याला गाढवावर उलटं बसवून आख्ख्या शहागंजातून फिरवला. हिरवाच की रे!"

रामेश्वर इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं झालं. मेंढ्या त्यानं त्याच दिवशी सोडून दिल्या. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

शनिवारी चहाला दोघंच होते, टोप्या डोक्यावरच. रामेश्वरला राहवलं नाही.

"ताई, ते पत्र मीच लिहिलं."

"मंग? मला काय ठाऊक नव्हतं व्हय? कंपनीला नोटीस आल्यापासून तुला घास उतरत नव्हता."

"पत्रातला फोटो तेवढा तुझा, तू मला मोबाइलवर धाडलेला."

"माहाच. कृष्णाचं रक्त मशीनवर वाळलेलं, त्याचा बी काढून ठेवलाय. तपासणीवाला येऊ दे, त्याच्या हातात देते."

"भ्या नाय वाटत?"

"आता कशाचं? डोक्यातलं कुणाला दिसत नाय, आन् तोंडानं आपण सांगणार नाय."

सोमवारी काकासाहेबांनी दोघांनाच बोलावलं. अंबिका बाहेरच्या बाकावर थांबली. रामेश्वर आत जाताना तिनं डोळा मारला. आत सुयशही बसला होता. आपलं माणूस आहे म्हणून रामेश्वरला उलट धीर आला.

"रामेश्वर, ते पत्र तू लिहिलंस?"

"नाय साहेब."

"नक्की?"

आज त्याला मजा वाटत होती. यांचीच टोपी यांच्याच डोक्यात घालायची.

"साहेब, तुम्हीच म्हणले व्हते, हिला मनातलं समदं कळतं. महिना झाला माह्या डोक्यावर आहे. माह्या मनात पाप असतं तर दिवा लाल झाला नसता? मशीनलाच विचारा. का मशीन खोटं बोलू राहिलं?"

काकासाहेब हसले. रामेश्वरही हसला. सुटलो, असं त्याला वाटलं. त्यानं सुयशकडं बघितलं. सुयश चहाच्या कपात बघत होता.

"मनातलं कुणाला वाचता येतं रे?" काकासाहेब म्हणाले. "ती टोपी नुसती ऐकते."