एकेचाळिसावी जट

आईने जटा पुन्हा मोजल्या. कपाळापासून मानेपर्यंत, रांगेमागून रांग, एकेकीवर बोट टेकवत. चाळीस.

गेल्या रविवारी एकेचाळीस होत्या.

"हलू नकोस," ती म्हणाली. लेक हललीच नव्हती. दुकानाच्या खिडकीखाली, बुटक्या स्टुलावर, आईच्या गुडघ्यांना पाठ लावून दगडासारखी बसली होती. दुकान रफूचं. सिगारेटने जळलेला कोट आणा की उंदराने कुरतडलेली शाल, ही बाई भोक असं बुजवायची की गिऱ्हाईक नंतर जागा शोधत बसायचं.

त्याच हातांनी नऊ आठवडे लेकीचं डोकं सांभाळलं होतं. पोरीला केस उपटायची सवय. हौस नव्हे, नखरा नव्हे. बोटं आपली आपण जायची, एक केस धरायची आणि मुळासकट काढायची. वाचताना, जेवताना, झोपेतसुद्धा. औषधं झाली, डॉक्टरीणबाई झाल्या. शेवटी सलूनवालीने सुचवलं, ड्रेडलॉक्स करा. केसांचे दोर वळले की बोटांना सुटा केस सापडायचाच नाही. फक्त पहिले तीन महिने जपा. कच्च्या जटा धुतल्या की उकलतात, मुळाशी पिंजारतात, खाजतात. तेवढे दिवस निभावलेत की सुटलात.

"कावळ्याचं घरटं डोक्यावर घेऊन माझ्या दारात उभी राहणार?" असं आईने चार माणसांत विचारलं होतं. आणि दुसऱ्या दिवशी क्रोशाची सुई घेऊन स्वतःच बसली. डोक्याचे चौकोन पाडले, खडूने आखावेत तसे. एकेक जट तळव्यात वळली, सुटे केस सुईने आत ओढले. तिसऱ्याच दिवशी पोरीचं डोकं घाण वाटतंय म्हणून शाम्पूने खसाखसा चोळलं, वर कंडिशनर चोपडला. सगळ्या जटा उलगडून हातात आल्या. त्या दिवशी बाई स्वतःवर चिडून जेवली नाही. संध्याकाळी पुन्हा पहिल्या चौकोनापासून सुरुवात.

"डाव्या कानामागची कुठे गेली?"

"गळून पडली."

"जट काय पिकलं पान आहे?"

आईने शेजारच्या दोन जटा बाजूला केल्या. मधे गुळगुळीत चामडी होती, कोटाच्या बटणाएवढी. कडेने लाल टिपके.

"एका बैठकीत?"

"चार दिवसांत. मुळाशी केस सुटे झाले होते ना. बुधवारी तू सुई घालणार होतीस." जरा थांबून लेक म्हणाली, "मग म्हणालीस, उद्या बघू. लग्नाचा कोट आला होता."

आईने त्या लाल टिपक्यांवरून अलगद बोट फिरवलं.

दाराची काच वाजली. "ताई, पँट झाली का?"

"दुकान बंद आहे."

"पाटी तर उघडं म्हणतेय."

"पाटीला काय कळतंय! उद्या या."

पावलं गेली. लेक म्हणाली, "कापून टाक, आई. सगळंच. मशीन फिरव. माझ्याच्याने नाही होत."

"अगं, तीन-चार आठवडे तर राहिलेत. आणि मशीन फिरवलं नि केस परत आले की?"

"परत उपटीन." ती हसायला गेली, ते हसणं काही जमलं नाही. "तोपर्यंत भुवया आहेतच."

आईने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. डावी भुवई अर्ध्यावरच संपली होती. नऊ आठवडे ही बाई डोकं मोजत होती. तोंडाकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

"दुखत नाही का गं?"

"नाही. तेवढाच एक क्षण बरं वाटतं."

"आणि मग?"

"मग तू दिसतेस."

आईने हातातली सुई बाजूला ठेवली. उठली, दाराचा पडदा ओढला, अंबाड्याच्या पिना काढून तोंडात धरल्या. पन्नाशी उलटली तरी केस कमरेखाली होते. गल्लीत याच केसांवर मान ताठ करून चालायची; लहानपणीसुद्धा लेकीला त्यांच्याशी खेळू दिलं नव्हतं. मग पिना खिडकीच्या कठड्यावर टाकल्या आणि ती जमिनीवर, लेकीच्या पायांशी, पाठमोरी बसली.

"बोटं शिवशिवली की इथे घालायची."

"आई, वेडी झालीस का?"

"झाले. घाल."

"टक्कल पडेल तुला."

"पडू दे. मला काय आता कुणाला दाखवायला न्यायचंय?"

"लोक काय म्हणतील?"

"लोकांची तोंडं शिवायला मी बसलेय की."

बाहेरून एक सायकल गेली. मग बोटं आली. घाबरत, चाचपत केसांतून फिरली, मागे गेली, परत आली. टाळूपाशी थांबली. एक जाड, राठ, पांढरा केस निवडला, दोन बोटांत पीळ दिला आणि ताणून धरला. ओढवेना, सोडवेना.

"ओढ," आई म्हणाली, आणि स्वतःचे गुडघे दोन्ही हातांनी घट्ट धरले.