मुठीत मावेल एवढा उजेड

"ही नको. हिचं बटण शोधेपर्यंत माणूस मरेल," सुलक्षणा म्हणाली आणि तिनं टॉर्च काउंटरवर परत ठेवली.

धुळ्याच्या स्टँडसमोरच्या त्या चिंचोळ्या दुकानात असलमभाईच्या पाच टॉर्च काढून झाल्या होत्या. एक किल्लीला अडकवायची, तिचा उजेड काजव्याएवढा. एक पेनासारखी. एक दणकट, पण पर्समधून मुंडी बाहेर काढणारी. सुलक्षणाला मुठीत मावणारी हवी होती. रोज जवळ राहील आणि न बघता अंगठ्यानं पेटेल अशी.

"ताई, कुत्र्यासाठी पाहिजे का माणसासाठी?" असलमभाईनं विचारलं.

"काय फरक पडतो?"

"कुत्रं उजेडाला घाबरतं."

सुलक्षणा हसली नाही. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती काजं-बटणं करायची. सुटायला साडेसहा. सोनगीरच्या अलीकडं हायवेवर उतरलं की गावापर्यंत पाऊण किलोमीटर पायी. खांब उभे, दिवे मेलेले. तीन संध्याकाळी तिच्या मागं पावलं वाजली होती. ती थांबली की पावलंही थांबायची. चेहरा पाहिलेला नव्हता, म्हणून आता दिसेल तो चेहरा त्याचाच वाटत होता.

घरी सांगितलं तर भाऊ म्हणाला, "काम सोड." मागं येतो त्याला कोणी म्हणत नाही, तू चालणं सोड. दिवे लावायचे ज्यांनी ते लावत नाहीत, आणि बाईनं पर्समध्ये उजेड घेऊन फिरायचं!

असलमभाईनं सहावी टॉर्च पुढं केली. काळी, धातूची, बोटभर लांब. बटण बुडाशी.

"हिला मुठीत धरा. एकदा दाबलं की उजेड. पटापट दोनदा दाबलं की लुकलुक. समोरच्याच्या डोळ्यांत मारली तर घडीभर त्याला काही दिसत नाही."

बटण बरोबर अंगठ्याखाली आलं. सुलक्षणाला पहिल्यांदा बरं वाटलं. तिनं पैसे दिले.

तेवढ्यात पांढऱ्या शर्टातला एक पन्नाशीचा माणूस आत आला आणि तिला अगदी चिकटून उभा राहिला. शेजारी हातभर जागा असताना.

"बॅटरी दखाड रे भाऊ. तेज पाहिजे."

असलमभाईनं एक दिली. त्यानं पेटवली. "हाई मंद शे."

दुसरी दिली. "हाई बी मंद शे."

"नाना, फुल चार्ज आहे. याच्यापुढं तेज पाहिजे तर ट्रकचा दिवा उपटून आणावा लागेल."

"माले रस्ता दिसाले पाहिजे, बस."

त्यानं टॉर्च फिरवली. उजेडाचा फटकारा सुलक्षणाच्या तोंडावर आला, असलमभाईनं डोळ्यांवर हात धरला, आणि मग तो झोत त्या माणसानं सरळ स्वतःच्याच तोंडावर घेतला. त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

मग त्यानं मान वळवली आणि तो तिच्याकडं बघत राहिला. तिनं ओढणी सावरली. नजर हलली नाही. त्याचा हात काउंटरच्या काचेवरून सरकत सरकत आला आणि तिच्या मनगटावर पडला.

सुलक्षणाचा अंगठा हलला. दोनदा. लुकलुकता पांढरा उजेड वीतभर अंतरावरून थेट त्याच्या डोळ्यांत गेला.

तो तसाच बघत राहिला.

"पोर शे वाटस," तो म्हणाला आणि हसला.

तिनं हात हिसडला आणि ती बाहेर पळाली. मागून असलमभाई काहीतरी म्हणाला, ते तिनं ऐकलं नाही. तिला ऐकू आली ती पावलं. घासत येणारी, थांबणारी, पुन्हा घासत येणारी.

रोज ती एसटीनं जायची. आज एसटीला अजून वीस मिनिटं होती, आणि वीस मिनिटं फलाटावर उभं राहायची तिची छाती नव्हती. दिवस बुडाला होता. कोपऱ्यावर काळीपिवळी जीप उभी होती आणि उखर्डू एजंट घसा फोडत होता, "सोनगीर, सोनगीर! एकच सीट! या ताई, पुढं बसा."

काळीपिवळीची रीतच अशी, आधी माणसं कोंबायची, ड्रायव्हर सगळ्यात शेवटी. सुलक्षणा पुढच्या बाकावर मधोमध शिरली. खिडकीशी एक म्हातारी होती, भिकुबाई. मागं माणसांवर माणसं.

"लवकर सोडा ना दादा," ती उखर्डूला म्हणाली. "एक माणूस मागं लागलाय माझ्या."

"कोन शे तो मुडदा?" भिकुबाई कडाडली. "आठे गाडीमा चौदा जन शेतस. बोट तं लाई दखाडो!"

मागचे हसले. कोणीतरी म्हणालं, "आजीच पुरी पडेल." चौदा माणसांत कोण काय करणार? ती वाचली होती.

उजवीकडचं दार उघडलं. पांढरा शर्ट.

तिनं भिकुबाईचा दंड गच्च धरला. "हाच," ती पुटपुटली. "आजी, हाच तो."

उखर्डूनं बाहेरून बॉनेटवर थाप मारली. "गिरधरनाना, गाडी भरनी! सोडा!"

तो माणूस बसला. त्यानं दार ओढलं. किल्ली दोनदा भलतीकडंच टेकली, तिसऱ्यांदा लागली. जीप धक्का देऊन निघाली, चौकातून वळली आणि हायवेला लागली. समोरून ट्रकांची रांग येत होती.

तो तिच्याकडं न वळता, काचेकडं तोंड ठेवून, हळूच म्हणाला, "पोरी, पुढे तूच बठेल शे ना? समोरथून गाडी उनी का माले सांगजो."