सरकारी पाणी

"रा-मोत्सुमींनी कधी कुणाला दारातून रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही," तिसरा वक्ता म्हणाला, तेव्हा केनोसीनं कोटाच्या आतल्या खिशाला हात लावून पाहिला. कागद जागेवर होता.

खोत्ल्यावर, म्हणजे गावसभेच्या जागी, मोठ्या बाभळीखाली सगळं तेमाने गाव जमलं होतं. पलीकडे तीन पायांच्या काळ्या हंड्यांत मांस रटरटत होतं. गावात आलेल्या नव्या डांबरी रस्त्याला आज नाव द्यायचं होतं. रस्ता आणला होता केनोसीनं, वर्षभर राजधानीला खेटे घालून. नाव मात्र मोत्सुमींचं.

मोत्सुमी, आदरानं रा-मोत्सुमी, म्हणजे आठशे गुरांचे धनी. पन्नाशीला कुरण मुलाच्या हवाली करून ते जिल्हा परिषदेत गेले आणि मरेपर्यंत, अठरा वर्षं, गावाचे सदस्य राहिले. त्यांच्या रिकाम्या जागेवर केनोसी निवडून आला, त्याला आता दोन वर्षं झाली. त्यानं दवाखान्याला रुग्णवाहिका मिळवून दिली, तर म्हाताऱ्या म्हणाल्या, मोत्सुमी आपल्या ट्रकमधून न्यायचे, अंगावर घोंगडीसुद्धा घालायचे. शाळेवर छप्पर घातलं, तर मुख्याध्यापक म्हणाले, रा-मोत्सुमींना फार आनंद झाला असता. त्याची सख्खी आई एकदा त्याचं भाषण ऐकून घरी आली आणि म्हणाली, "मोत्सुमी कमी बोलायचे रे."

जिवंत माणसाशी टक्कर घेता येते. तो कधीतरी चुकतो, चिडतो, लोकांना नकोसा होतो. हा माणूस मेला होता आणि दिवसेंदिवस मोठाच होत चालला होता. केनोसीला ते सहन होईना. शेवटी तो मोत्सुमींची एखादी तरी चूक सापडते का, म्हणून जुने कागद उकरायला बसला.

गेल्या आठवड्यात ती सापडली. ज्या एका बोअरवर सगळं गाव पाणी भरत होतं, सरकारी म्हणून जी लहानथोरांना माहीत होती, ती मोत्सुमींच्या नावावर निघाली. जमीन त्यांची, परवाना त्यांचा. म्हाताऱ्यानं गावाचं पाणी घशात घातलं होतं. निवडून आल्याच्या दिवशीसुद्धा केनोसीला एवढा आनंद झाला नव्हता.

आज शेवटचं भाषण त्याचं होतं.

शेजारच्या खुर्चीत मोत्सुमींची बायको, मा-तुमेलो, खांद्यावर शाल टाचून बसली होती. गावाच्या आधी तिचा चेहरा पडलेला आपण बघावा, असं केनोसीला वाटलं. त्यानं खिशातला तो परवान्याचा कागद तिच्या मांडीवर ठेवला.

"हे ठाऊक होतं तुम्हाला?"

तिनं कागद डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचला आणि परत दिला.

"बोअर त्यांचीच आहे. गावाला बोअर द्यायला परिषदेनं चारदा नाही म्हटलं. मग यांनी तीनशे गुरं विकली आणि बोअर घेतली. गावाला सांगितलं, सरकारनं दिली."

"खोटं कशाला सांगायचं?"

"मीही हेच विचारलं. तर म्हणाले, सरकारचं म्हटलं की माणूस हक्कानं भांडतो, माझं म्हटलं की हात जोडतो. कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली मला." ती जराशी हसली. "पंप बिघडला की लोक दारात येऊन शिव्या घालायचे. तूही आला होतास एकदा. मिसरूड फुटत होतं तुला. 'पाणी काय तुमच्या बापाचं आहे का,' म्हणालास. घरात येऊन इतके हसले, की ठसका लागला त्यांना."

केनोसीच्या कानशिलांना चटका बसला. "मग आता?"

"आता काय? वाच की. शपथ मला घातली आहे, तुला नाही."

तेवढ्यात गावप्रमुखानं त्याचं नाव पुकारलं.

केनोसी उठला. समोर सगळ्यांच्या माना वर झाल्या. कागद त्याच्या हातात होता. वाचला तर काय होईल, ते त्याला लख्ख दिसलं. लोक आधी गप्प होतील. मग कुणी बाई रडायला लागेल. उद्यापासून रस्ता पुरणार नाही, शाळेला नाव द्या म्हणतील, पुतळा उभारा म्हणतील. आणि तो स्वतः जन्मभर मोत्सुमींच्या नंतर आलेला कुणीतरी राहील. मोत्सुमींनी तीनशे गुरं एका दमात विकली होती. केनोसीकडे सगळी मिळून अकरा होती.

त्यानं कागद खिशात टाकला.

"माझ्याकडे वेगळं सांगण्यासारखं काही नाही," तो म्हणाला. "आजपासून हा रस्ता रा-मोत्सुमींचा."

आणि तो खाली बसला. लोकांना वाटलं, अजून बोलेल. मग भाषण संपल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. मागच्या रांगेतल्या बायकांनी जिभा हलवत आनंदाचा लांब आवाज काढला. त्याच्यासाठी तो आवाज याआधी कधी उठला नव्हता.

मा-तुमेलोनं त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"मला वाटलं, तू वाचणार," ती म्हणाली. "पण नाही रे. अगदी त्यांच्यासारखा आहेस तू."

दोन वर्षं हे एक वाक्य कुणाच्या तरी तोंडून ऐकायला त्याचा जीव आसुसला होता. आता ते ऐकायला मिळालं, आणि आपण गप्प का बसलो, हे त्याचं त्यालाच ठाऊक होतं.