खूण नसलेली बरणी

"एक्स-रे काढून घरी आलेला माणूस अंधारात चमकतो का?" तिने विचारलं आणि अख्खा हॉल हसला. "मग किरण दिलेली मिरपूड तरी कशी चमकेल? किरण येतात, किडे-जंतू मारतात, निघून जातात. मागे काही उरत नाही."

ती अन्नाला किरण देणाऱ्या केंद्रात नोकरीला होती. लोकांची भीती घालवणं हेच तिचं काम, आणि बाई बोलायला लागली की ऐकतच राहावं. मागच्या रांगेत तिच्या सासूबाई होत्या. सुनेचं भाषण ऐकायला पहिल्यांदाच आल्या होत्या. 'आमची सून बरं का,' असं शेजारणीला ढोसून ढोसून सांगून झालं होतं.

"किरण दिलेल्या पाकिटावर तशी हिरवी खूण असते," ती म्हणाली. "तुमच्यापासून काही लपवायचं नाही, म्हणून."

एक बाई उठली. कडेवर मूल. "ताई, दुसऱ्याला सांगणं सोपं असतं. तुमच्या घरी खातात का?"

"खातात म्हणजे काय! दोन वर्षं झाली. माझा मुलगा खातो, सासूबाई खातात."

टाळ्या पडल्या. बाई निर्धास्त होऊन खाली बसली. आणि सुनेची नजर मागच्या रांगेत सासूबाईंवर गेली. हे किरणांचं काही घरात आणायचं नाही, असं सासूबाईंनी मागेच बजावलं होतं. रोज उठून वाद कोण घालणार? म्हणून सून मिरपुडीचं पाकीट ऑफिसातच फोडायची आणि साध्या बरणीत भरून घरी आणायची. आज बोलण्याच्या भरात बोलून गेली. झालं!

घरी येताना सासूबाई चार पावलं पुढेच चालत होत्या.

"आई, चुकलं माझं," ती दारातच म्हणाली. "पण त्यात वाईट खरंच काही नाही हो."

"नसेलच. तू शिकलेली आहेस, उगीच कशाला म्हणशील?" सासूबाई खुर्चीत टेकल्या. "हॉलभर परक्यांना समजावलंस. मला एकदा समोर बसवून सांगितलं असतंस, तर काय बिघडलं असतं?"

सुनेची शरमेने मान वर होईना. काहीतरी करायचं म्हणून तिने पाण्याचा पेला भरून आणला.

सासूबाईंनी तो घेतला. उजेडाकडे धरून नीट पाहिला. मग उठून ओट्यापाशी गेल्या, पाणी ओतून दिलं, पेला विसळला आणि आपल्या हाताने नळाखाली धरला.