चांदीचा जुमिल

"मी वर येणार नाही, आई. तुम्ही जा," एदेल्मिरा म्हणाली आणि पायवाटेच्या कडेला दगडावर बसली.

खाली मेक्सिकोतल्या तास्को गावाची लाल कौलं दिसत होती. वर डोंगरावर अख्खं गाव लोटलं होतं. मृतांचा सण झाला की पुढच्या सोमवारी सगळे इथं येतात आणि पाचोळा उपसून जुमिल वेचतात. करंगळीच्या नखाएवढा, उग्र वासाचा किडा. आपली गेलेली माणसं त्याच्या रूपानं भेटायला येतात, हे तास्कोतलं शेंबडं पोरही सांगेल. आणि तेच पोर मीठ-लिंबू लावून, भाकरीत गुंडाळून तो जिवंत खाईलही. आपलं माणूस आलं, पोटात गेलं, घरी पोचलं. यात इथं कुणाला वावगं वाटत नाही.

तिच्या सासूबाई ताचा कमरेवरचं मडकं सावरत थांबल्या. "सत्तरीची मी चढतेय आणि ही बसली. गुडघे माझे गेलेत की तुझे?"



मागच्या वर्षी एदेल्मिरा सगळ्यांच्या पुढं चढली होती. तिची नऊ वर्षांची ओतिलिया त्या मार्चमध्ये तापानं गेली होती. वर पोचताच एक जुमिल आपणहून तिच्या मनगटावर येऊन बसला. झटकला तरी हलेना. तिनं तो काडेपेटीत घालून घरी आणला. "खाऊन टाक, नाहीतर झाडावर सोड," सासूबाई म्हणाल्या होत्या, "पण कोंडून ठेवू नकोस." एदेल्मिरानं ऐकलं नाही. खाल्ली तर संपली, सोडली तर गेली. तिला लेक डोळ्यांसमोर हवी होती.

एदेल्मिरा चांदीच्या दागिन्यांची डिझायनर. पान, शेंग, नाकतोडा, जे आवडेल त्यावर ती प्लॅस्टर ओतायची. भट्टीत आतली वस्तू जळून जायची आणि तिच्या पोकळीत चांदी भरली की शीर न शीर उतरायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं काडेपेटी कारखान्यात नेली. किडा असेल तर आधी दारूत बुडवून मारायचा असतो. तेवढं तिच्या हातून होईना. साच्यात चांदीला वाट ठेवणाऱ्या मेणाच्या काडीवर तिनं तो तसाच चिकटवला. प्लॅस्टर ओतताना त्याचे पाय हलले. ते तिनं पाहिले, तरी हात थांबला नाही. आपण काय करून बसलो, ते भट्टी लाल झाल्यावर तिच्या लक्षात आलं.

महिनाअखेरच्या चांदीच्या जत्रेतल्या स्पर्धेत तो चांदीचा जुमिल पहिला आला. "अगदी जिवंत वाटतो," मेक्सिको शहरातून आलेले परीक्षक म्हणाले. तिनं तो विकला नाही आणि अंगावरही घातला नाही. रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. तेव्हापासून कपाटातून खरवडल्याचा आवाज यायचा. बारीक, थांबून थांबून. पुढं पुढं प्लॅस्टर कालवायला घेतलं की बादलीतूनही तोच आवाज यायला लागला. उन्हाळ्यात तिनं काम बंद केलं. लेकीचं दुःख, लोक म्हणाले, भरून यायला वेळ लागतो.

"काय झालंय ते बोल एकदाचं," सासूबाई मडकं खाली ठेवून शेजारी टेकल्या.

"ती आता कशाला येईल? आली होती, आई. मी तिला जिवंत जाळलं."

मग वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. हललेले पाय, भट्टी, कपाटातला आवाज.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि मी मूर्ख गप्प बसले. म्हटलं, बक्षीस मिळालंय, चांदीचा तो किडा जवळ आहे, त्याच्या आधारानं पोर सावरेल. कशाला सांगा."

"काय सांगायचं होतं?"

"त्या संध्याकाळी तू अंगणात गेलीस ना, तेव्हाच मी काडेपेटी उघडली. तुझ्या हट्टापायी नातीला कोंडून ठेवू होय? माझ्या मडक्यातला हाताला लागला तो किडा तुझ्या पेटीत टाकला. तो जाळलास तू. एरवी चटणीतच गेला असता."

एदेल्मिरा सासूबाईंकडे वळली. "मग ती?"

म्हातारीनं तिचा हात धरला आणि आपल्या पोटावर ठेवला.

"लिंबू पिळून, अलगद गिळली. चावलंसुद्धा नाही. तेव्हापासून मला तिखट म्हणून सोसत नाही बघ. तिला तरी कुठं सोसायचं?"