लॉनवर उतरलेला कावळा

जरा पुढं सरका, मायबाप. टाळ मांडीवर ठेवा. सावेडीतली गोष्ट आहे, लहानच आहे, पण जवळून ऐकण्यासारखी आहे.

घरचे कारभारी जाऊन वर्ष झालं, त्यांचं श्राद्ध. बंगल्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर केळीच्या पानात घास ठेवला होता. वरणभात, वडा, खीर. पाहुणे मंडपात खोळंबलेले. कावळा शिवल्याशिवाय पंगत बसणार नव्हती.

समोरचं लॉन साळुंक्या नि बगळ्यांनी आठवडाभर उकरलं होतं. मुळांत हुमणी झाली होती. तिच्या अळ्यांवर पाखरांची झुंबड. पाहुण्यांपुढं असलं लॉन बरं दिसेना, म्हणून मुलानं, नितीननं, आदल्या संध्याकाळी दाणेदार औषध टाकून पाणी सोडलं. अळ्याच मेल्या की पाखरं कशाला येतील?

सकाळी त्याच्या आईला, भागिरथीबाईंना, नळाजवळ दोन साळुंक्या मरून पडलेल्या दिसल्या. कुणी यायच्या आत त्यांनी त्या कुंपणाकडेला पुरल्या. कार्याच्या दिवशी पोराला काय बोलायचं?

"अजून पत्ता न्हाई," कारभारींची बहीण रतनबाई म्हणाली. "दादा जिता हुता तवा तरी कधी येळेवर जेवला?"

दोघीचौघी हसल्या. भटजींनी घड्याळ पाहिलं. "दर्भाचा कावळा करू या आता."

"थोडं थांबा, गुरुजी." नितीन भिंतीपुढं गेला, हात जोडले. "आप्पा, आईला मी कधी अंतर देणार नाही. पण या."

आणि कावळा आला. भिंतीवर बसला. मान वाकडी करून त्यानं पानाकडं पाहिलं, मग टुणकन खाली लॉनवर उतरला. औषधानं तळमळून मातीवर आलेली एक जाड, पांढरी अळी तिथं वळवळत होती.

भागिरथीबाई टाळ्या वाजवत धावल्या. "हाड! हाड!"

"वहिनी, हाकलता काय? वर्षानं आलाय त्यो." रतनबाईनं त्यांचा दंड धरला.

"आई, शिवू दे ना," नितीन म्हणाला.

"काय शिवू देऊ, बाबा?"

नितीननं अळीकडं पाहिलं. त्याचे जोडलेले हात खाली आले.

कावळा दोन उड्या मारून बाजूला झाला, पुन्हा अळीकडं वळला. भागिरथीबाई दंड सोडवून मध्ये उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो त्यांनी आधी सारखा केला.

"अहो, जा," त्या म्हणाल्या. "उपाशी जा. पोराच्या हातचं हाय, पण खाऊ नका."

कावळा उडाला. भिंतीवरचं पान तसंच राहिलं.

मायबाप, आज पंगतीत बसाल, तेव्हा पहिला घास उचलण्याआधी त्या उपाशी परत गेलेल्याची एवढी आठवण करा.